पंगतीतले वाढपी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते खेड्यातल्या मिशन शाळेतले मास्तर होते. तुम्ही त्यांना मास्तर म्हणूनच ओळखता, मीही तेवढंच म्हणतो. आयोजकांनी मला विषय कळवला तो ‘ख्रिस्ती श्रद्धा, स्वयंसेवा आणि समाजाचा अभिमान’ असा. पहिल्या दोहोंवर बोलायला मला आवडतं. तिसऱ्यापाशी मी जरा थबकतो. आपल्यात अभिमानाची गोष्ट निघाली की माणसं कोनशिलांकडे बोट दाखवतात. अमुक चर्च अमुक साली, तमुक हायस्कूल तमुक साहेबांनी. नगर जिल्ह्यात अशा कोनशिला पुष्कळ आहेत. (आता अहिल्यानगर म्हणायचं. जिभेला वळण लागायला वेळ लागेल, सांभाळून घ्या.) त्या दगडांविषयी मला आदर आहे. पण या समाजाची सुरुवात देणाऱ्यांपासून झाली नाही, घेणाऱ्यांपासून झाली. अभिमान बाळगायचाच तर तो याचा बाळगावा, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचा विस्तार.

डिसेंबर 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईहून नगरला आली. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी हे तीन अमेरिकन आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ जोशी हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. हर्वी सहा महिनेही टिकले नाहीत, 1832 च्या मे महिन्यात पटकीने गेले. पुढच्याच वर्षी बाबाजी गेले. इतक्या थोड्या दिवसांत या मंडळींनी काय केलं? शहरात गोऱ्या रहिवाशांनी काढलेलं एक निराश्रितगृह होतं. आंधळे, लंगडे, म्हातारे, ज्यांना घर उरलं नाही असे लोक तिथे असत. त्याची देखरेख मिशनने आपल्याकडे घेतली आणि बाबाजी तिथे जाऊन बसू लागले, बोलू लागले. नगरमध्ये पहिले बाप्तिस्मे झाले ते याच लोकांमधून. 1833 मध्ये मूठभर माणसांची पहिली मंडळी उभी राहिली.

हा प्रसंग आपण वर्धापनदिनाच्या भाषणात भराभर पुढे ढकलतो. थोडी लाज वाटते म्हणून. ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलेला आहे, आपल्यापैकी काहींनी शाळेच्या बाकावर ऐकलेला आहे. 1876 च्या दुष्काळानंतर तो वाढला, 1899-1900 च्या दुष्काळानंतर आणखी वाढला. त्याला उत्तर म्हणून आपण खिस्ते, मोडक, टिळक अशी उच्चवर्णीय नावं पुढे करतो. म्हणजे टोमणा मारणाऱ्याची फूटपट्टी आपण मान्य केली आणि वर आपल्यातली उंच माणसं तिला लावून दाखवली. मला हे उत्तर कधीच पटलं नाही. भुकेला माणूस अन्नाकडे जाणारच. विचारायचं ते एवढंच की पोट भरल्यावर त्याने पुढे काय केलं. पंगतीत बसलेला माणूस जेवून उठला आणि पुढच्या पंगतीला वाढायला लागला, तर तो पहिल्या पंगतीला का बसला होता हे कुणी विचारू नये. नगरच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास म्हणजे असे पंगतीतून उठलेले वाढपी.

सिंथिया फॅरर या बाई 1827 मध्ये मुंबईला आल्या. अमेरिकेतून परदेशी धाडलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. 1839 पासून त्यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात 1848 मध्ये मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई अध्यापनाचं शिक्षण घ्यायला फॅररबाईंकडे आल्या, ही गोष्ट आता आपण फार अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण त्या शाळांत बसणाऱ्या मुलींचा विचार करा. मुलगी शिकली तर नवरा मरतो असं मानणाऱ्या काळात आईबापांनी त्यांना पाठवलं. त्यातल्या काही पुढे स्वतः पंतोजीण झाल्या, काही बायबलबाया झाल्या. बायबलबाई म्हणजे हातात पुस्तक घेऊन आळीआळीने फिरणारी, बायकांना अक्षर शिकवणारी, तापाच्या पोराला काय द्यावं हे सांगणारी बाई. तिला मिशनकडून दोन-चार रुपये मिळत असतील. पण ज्या घरात तिला उंबऱ्याबाहेर बसवत, तिथे ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाई, हे त्या दोन-चार रुपयांत बसत नाही.

इथे पगाराचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. मिशनने शाळा काढल्या, छापखान्याची कामं दिली, 1842 मध्ये नगरमधूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं, दवाखाने आले. ख्रिस्ती झालेल्या माणसाला गावचं बलुतं सुटलं होतं, वतन नाकारलं जात होतं, तेव्हा मिशनची नोकरी हाच आधार होता. मास्तर, पाळक, कंपाउंडर, बोर्डिंगची मेट्रन, माळी. तीन-चार पिढ्या यात गेल्या. त्याने घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण हळूहळू असंही झालं की मंडळीचं काम म्हणजे ज्याला पगार आहे त्याचं काम. चर्च झाडायचं? शिपाई आहे. आजाऱ्याला भेटायचं? पाळक आहेत ना. 1854 मध्ये हरी रामचंद्र खिस्ते आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली तेव्हापासून मंडळ्यांनी आपल्या पायावर उभं राहावं असा आग्रह मिशन धरत होतं. मंडळ्या तो ऐकून घेत होत्या. ऐकून घेणं आपल्याला छान जमतं.

ज्यांनी हे दुखणं नीट ओळखलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी काढलेल्या थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवू लागले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. मिशनचा पगार होता, घर होतं, मान होता. आणि 1917 मध्ये या माणसाने मिशनचं वेतन सोडलं, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, येशूला मानणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा. पगारी कुणीच नाही. दोन वर्षांत, 9 मे 1919 ला टिळक वारले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. व्यवहारी लोक म्हणाले, बघा, हे असंच होणार होतं. मला वाटतं टिळकांना संस्था बांधायची नव्हतीच. पगार थांबला तर आपली सेवा थांबते का, हे त्यांना स्वतःवरच तपासून पाहायचं होतं, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या पुढे हे तपासायला निघणं सोपं नाही.

लक्ष्मीबाई मात्र हे तत्त्वज्ञान न मांडताच जगत होत्या. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलंय, शाळेत धडा म्हणून तरी. सोवळं पाळणारी, नवऱ्याच्या धर्मांतराने पाच वर्षं दूर राहिलेली ही बाई. पुढे राहुरीला 1900 मध्ये बाप्तिस्मा घेते आणि त्यानंतर तिच्या घरात कोण आलं आणि कोण गेलं याचा हिशोब लागत नाही. टाकून दिलेली पोरं, उपाशी विद्यार्थी, बालकवी ठोमऱ्यांसारखा हळवा तरुण. प्लेगच्या साथीत रुग्णांच्या उशाशी बसणं. हे सगळं ती इतकं हसत सांगते की वाचणाऱ्याला त्यातले कष्ट दिसत नाहीत. मिशनच्या वार्षिक अहवालात लक्ष्मीबाई ‘टिळकांच्या पत्नी’ एवढ्याच उरल्या असत्या. त्यांनी स्वतः लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. अशा किती बाया लिहायच्या राहून गेल्या असतील, हा हिशोब आपण मांडतच नाही.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, जामखेडला. तिथे मला जास्त वेळ लागणार आहे.

रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यातले, शिक्षक आईबापांचा मुलगा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. तिथेच मेबल इमॅन्युएल भेटल्या. 1960 मध्ये लग्न झालं त्या दिवशीच दोघांनी ठरवलं की आपलं आयुष्य खेड्यातल्या, मागे राहिलेल्या माणसांसाठी. लग्नाच्या दिवशी माणसं पुष्कळ काही ठरवतात, हे दोघे त्याला धरून राहिले. आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आज बरं करून पाठवलेलं पोर दोन महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येतं. अतिसार, कुपोषण, धनुर्वात. हॉस्पिटलच्या दारात रांग वाढते आणि गावात काहीच बदलत नाही. मग अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 मध्ये जामखेडला आले. कायम दुष्काळी तालुका, रस्ते यथातथा. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं.

पहिल्यांदा शिकलेल्या नर्सबाई गावागावात पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. एकटी तरुण मुलगी परक्या गावात राहणार कशी, आणि गावकरी तिचं ऐकणार का. तेव्हा आरोळ्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा. निवडल्या गेलेल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही टाकलेल्या, काही विधवा. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, रात्र तिथेच काढायच्या. जातीजातीच्या बायका एकत्र झोपायच्या कशा? एक प्रचंड मोठी गोधडी शिवून घेतली आणि सगळ्या तिच्याखाली, असं तिथली माणसं सांगतात. दिवसा शिकायचं ते असं. जुलाबाच्या पोराला पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. बाळंतपणाला हात धुवायचे, नाळ कापायला नवं पातं. अंगावरचा चट्टा सुई टोचूनही कळत नसेल तर महारोगाची शंका घ्यायची. हे ऐकायला साधं वाटतं. पण ज्या बाईच्या सावलीला गाव विटाळ मानत होतं, तिच्या हातून पाटलाच्या सुनेचं बाळंतपण होऊ लागलं, हे साधं नव्हतं.

पाण्याची गोष्ट याहून बोलकी. दुष्काळात गावोगाव कूपनलिका घेतल्या, हातपंप बसवले. ते दलित वस्तीत बसवले. मग ज्यांच्या विहिरीवर या वस्तीला पाणी मिळत नव्हतं ते लोक हंडे घेऊन या वस्तीत येऊ लागले. आरोळ्यांनी याविषयी गावात व्याख्यान दिलं नाही. पंप कुठे ठोकायचा तेवढं ठरवलं.

1971 मध्ये या गावांत हजार जन्मांमागे 176 बालकं दगावत होती. 1990 च्या दशकात हा आकडा विशी-पंचविशीवर आला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं, 1990 मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये.

या कामाच्या नावात ख्रिस्त नाही, मिशन नाही. नाव आहे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प. आपल्यातल्या काहींना हे तेव्हा खटकलं होतं. एवढं मोठं काम आणि साक्ष कुठे, असं विचारणारे होते, आजही भेटतात. मी त्यांना एवढंच विचारतो की प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पाटीवर काय लिहिलं होतं.

त्या आरोग्यसेविकांना प्रकल्पाने नोकरदार केलं नाही. बचत गटातून कर्ज घेऊन कुणी शेळ्या पाळल्या, कुणी बांगड्या विकल्या, कुणी सुकट. पोट त्यावर, आणि आरोग्याचं काम गावासाठी. म्हणून प्रकल्पाचे पैसे कमी-जास्त झाले तरी बाई गावात राहिली. हे मी फार मोलाचं मानतो, पण इथे एक सावधगिरीही हवी. 2005 नंतर देशभर ‘आशा’ आल्या आणि त्यामागच्या प्रयोगांत जामखेडचं नाव घेतलं जातं. त्या आशाताईंना मानधनासाठी आपल्या राज्यात संप करावा लागला. गरीब बाईची सेवाभावना ही सरकारची बचत होऊ नये. जो आपल्या खुशीने देतो तो स्वयंसेवक. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, तो वेठबिगार, मग त्याच्या गळ्यात हार घाला नाहीतर क्रूस. आपल्या मंडळ्यांमध्येही हे बघावं. महिला मंडळ ‘सेवा’ म्हणून दोनशे माणसांचा स्वयंपाक करतं आणि पंचांच्या बैठकीत त्यातली एकही बाई नसते, याला मी स्वयंसेवा म्हणायला तयार नाही.

श्रमदानाचंही तसंच. फादर हरमन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट, 1948 मध्ये भारतात आले, नगर जिल्ह्यात त्यांची हयातीतली बरीच वर्षं गेली. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. नगरचं सोशल सेंटर त्यांचं. पुढे भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि 1993 मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर काढलेली वॉटर ही संस्था. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, ताली, नालाबांध, आणि गावाने श्रमदानातून वाटा उचलायचा ही अट. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांनी त्यातून आपला डोंगर हिरवा केला. एका परदेशी पाद्र्यावर वारकऱ्यांच्या, धनगरांच्या, ठाकरांच्या गावांनी विश्वास टाकला तो त्याच्या मराठीमुळे आणि पायातल्या धुळीमुळे. पण चराईबंदीचा भार मेंढरंवाल्यावर पडतो, श्रमदानाला भूमिहीन मजूरही येतो, आणि पाणी वाढतं ते बांधाखालच्या विहिरीत. ती विहीर कुणाची, हा प्रश्न प्रत्येक पाणलोट गावात निघतो. बाखरबाबांच्या मंडळींनी तो ऐकला, काही ठिकाणी सोडवला, काही ठिकाणी सुटला नाही. दलित वस्तीतला हातपंप आठवला की मला या दोन कामांतला फरक दिसतो. दोन्हीही माझी आवडती कामं आहेत.

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेविषयी दोनच शब्द. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याच्या आवारातली ती जागा, सप्टेंबरातली पाऊणशे वर्षांची यात्रा. नवस बोलायला येणाऱ्यांत सगळ्या धर्माचे लोक. व्यासपीठावर कोण बसलं याची बातमी पेपरात येते. मला तिथली पाण्याच्या टाक्यांवरची आणि ‘हरवले-सापडले’च्या माइकवरची पोरं बघायला आवडतात. रात्री दोन वाजता एका रडणाऱ्या पोराची आई शोधून देताना कुणी त्याला धर्म विचारत नाही. आवाज बसलेला, डोळे तारवटलेले आणि गळ्यातला बिल्ला मात्र सरळ.

खरी स्वयंसेवा कुठे दिसते असं विचाराल तर मी मयतीत दिसते म्हणेन. आपल्याकडे फोन आला की तरुण संघाची पोरं टिकाव-फावडी घेऊन दफनभूमीवर जातात. नगरची जमीन वर काळी, खाली मुरूम. हात-दीड हात गेलं की टिकावाचा आवाज बदलतो, ठण ठण लागतं, आणि तिथून पुढे दर वितीला घाम. एकाने खणायचं, एकाने माती ओढायची, एकाने बॅटरी धरायची, आणि कुणीतरी एक जण काठावर बसून सूचना करायचा, तो असतोच. पेटीचं माप आणायला गेलेला परत येतो आणि सांगतो, अजून एक फूट. घरी बायका मयताच्या घरातल्यांसाठी पिठलं-भाकरी करून आणतात, कारण त्या घरात चूल पेटायची नाही. हे कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेवर नसतं. गेल्या काही वर्षांत जेसीबी येतो, मजूर लावतात. पोरं पिंपरी-चिंचवडला कंपनीत आहेत, दुपारी मिळालेला निरोप आणि संध्याकाळचं दफन यांत ती पोचत नाहीत. त्यांचा दोष नाही. पण ज्याने मित्राच्या बापाची कबर खणली आहे त्याचं मंडळीशी असलेलं नातं वर्गणीने होत नाही.

पीक-सणाच्या दिवशीचा लिलाव तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. वेदीपुढे बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, कोंबड्या पाय बांधून ठेवलेल्या आणि उपदेशाच्या मध्येच ओरडणाऱ्या. एखादी म्हातारी पदराआडून एक अंडं आणून ठेवते. ते पाचशे रुपयांना जातं, घेणारा परत देतो, पुन्हा लिलाव, आता सातशे. भोपळाही असाच चार वेळा विकला जातो आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी जातो. माइकवरून प्रत्येक बोलीला नाव पुकारलं जातं. दान गाजावाजा न करता करा ही प्रभूची शिकवण आपण सकाळच्या वाचनात ऐकलेली असते आणि दुपारी बोली लावतो. मला याचा राग येत नाही. मुंबईला नोकरी लागलेला मुलगा आपल्या आजीचं अंडं हजाराला घेतो तेव्हा त्याला आजीचा अभिमान वाटत असतो, आणि आजीलाही त्याचा. फक्त म्हाताऱ्या बाईने अंडं आणलं हेही माइकवरून सांगा, बोली कितीची लागली एवढंच नको.

2020 मध्ये कोविड आला तेव्हा साल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलने, ज्याला आपण नुसतं ‘बूथ’ म्हणतो, दारं उघडी ठेवली. शेजारी शेजाऱ्याच्या घराकडे बघत नव्हता त्या दिवसांत तिथले सफाई कामगार, नर्सेस, जेवण वाढणारी माणसं रोज आत जात होती. 1890 च्या दशकात ज्युलिया बिसेल या डॉक्टरीणबाईंनी नगरमध्ये स्त्रियांसाठी दवाखाना सुरू केला तेव्हापासूनची ती सवय. त्या आवारात बरे होऊन गेलेल्यांत आपल्याला एकेकाळी पाणी न देणाऱ्या घरांतली माणसंही होती. कुणी ते बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायचं नसतंच.

आणि तरीही एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. सेवा देणाऱ्या समाजाने हक्क मागू नये असा एक गोड समज आपल्यातच पसरलेला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग बाहेरच राहिला. गावकुसाबाहेरची वस्ती तीच, आडनाव तेच, टोमणे तेच, फक्त दाखल्यावर वेगळा रकाना. आपल्या राज्यात त्याला इतर मागासवर्गात धरतात. यावर मोर्चे निघाले, अर्ज गेले, खटले चालू आहेत. आपल्यातले सुस्थितीतले लोक मात्र म्हणतात, आपण सेवा करणारे, मागणारे नाही. मला हा मोठेपणा परवडत नाही. ज्यांनी आपल्या पंगतीतून उठून दुसऱ्याला वाढलं त्यांच्या ताटात काय आहे हे बघणं हाही सेवेचाच भाग आहे. आणि मंडळीच्या आत अजूनही सोयरीक जुळवताना ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाआड जात विचारली जाते, त्याचा दोष कुठल्याही सरकारी आदेशाला देता येणार नाही.

1947 मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. नाव बघा, भास्कर पांडुरंग. बायबलातलं एक अक्षर नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी एका मराठी ख्रिस्ती माणसाने काढलेलं हे कॉलेज, जिथे जिल्ह्याच्या सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकली. त्याच आवारातून पुढे ग्रामीण विकासाचं आणि समाजकार्याचं शिक्षण देणारी सीएसआरडी निघाली. आपल्या गावात बालवाडी चालवणारी, तंटे मिटवणारी किती माणसं तिथून शिकून गेली याची मोजदाद कुणी ठेवली असेल तर मला ती पाहायची आहे.

मोजदादीवरून शेवटची विनंती. मिशनचे अहवाल अमेरिकेत जपून ठेवलेले आहेत. संशोधक ते वाचतात आणि त्यातली नावं पुस्तकांत येतात. त्यात मिशनरी आहेत, पाळक आहेत, बाकी सगळे ‘मदतनीस’. मदतनिसांची नावं आपल्याकडे आहेत. पंचांच्या बैठकांची इतिवृत्तं, शब्बाथशाळेची हजेरीपुस्तकं, दानार्पणाच्या वह्या. त्यांत कुणाची अधोलीभर बाजरी, कुणाचे दोन आणे, विहिरीच्या कामाला कोण किती दिवस आलं. काही जुन्या वह्या मोडीत असतील, आणि मोडी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. या वह्या चर्चच्या माळ्यावर आहेत, जुन्या पंचांच्या नातवांच्या ट्रंकांत आहेत, काही वाळवीने खाल्ल्या. मिशनच्या मिळकतींवरून कोर्टात जे दावे चालतात त्यांचे कागद आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपतो. या वह्यांना पिशवीही नाही.

नाताळच्या आधी रंगकाम निघतं, माळे रिकामे होतात आणि भंगारवाला दाराशी येतो. त्याच्याआधी आपण पोचायला हवं. प्रत्येक मंडळीतून दोन जण लागतील, एक शिडी धरणारा आणि एक धूळ झाडणारा. पानांचे फोटो मोबाइलवर काढता येतात, तेवढं आजकालच्या पोरांना शिकवावं लागत नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी सभा संपल्यावर मागच्या टेबलावर नाव आणि गाव लिहून द्यावं. पगार नाही, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. चहा मंडळीकडून मिळेल, असं मला आत्ताच अध्यक्षांनी मान हलवून कळवलं आहे.